सुपातले फोन

तेरजवळच्या एका गावात, अंगणवाडीच्या खोलीत, मी आमच्या संस्थेतर्फे बायकांची बैठक घेत होते. विषय होता घरातली मारहाण. असल्या विषयाला खोली कशी राखायची ते मला चांगलं कळतं, अशी माझी घमेंड होती. खिडकी लावली, ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना उठवलं आणि सगळ्यांचे फोन एका सुपात गोळा केले. "इथलं बोलणं इथंच राहील," असं तीनदा बजावलं.

मग कोपऱ्यातल्या एका तरण्या सुनेनं दंडावरचा पदर बाजूला करून काळानिळा वळ दाखवला. लेकराचं वजन करायला जाते, असं घरी सांगून ती आली होती. "ह्ये परवाचं हाय," ती म्हणाली.

उठताना मी सगळ्यांचा फोटो काढला. कार्यालयाला पुरावा लागतो. माझा फोन सुपात नव्हताच. फोटोत मागच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात विषय लिहिलेला. एसटीत बसल्यावर सवयीनं तो फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला आणि गावाच्याही. गावाच्या ग्रुपमध्ये सगळे बाप्ये होते, तिचा नवराही.

हे ध्यानात आलं तेव्हा एसटी दोन फाटे पुढं गेली होती. फोटो पुसला, पण तोवर बऱ्याच जणांनी बघितला, पुढं पाठवलाही होता. मी उतरले आणि चालत मागं फिरले. स्वतःला शिव्या घालत, जवळजवळ पळतच.

तिची सासू दारातच उभी होती, हातातल्या फोनवर तोच फोटो. "सून तर वजन करायला गेलती म्हणं. मग ह्यात कशी?"

"वजनच केलं, मावशी," मी धडधडीत खोटं बोलले. "मीच तिला बसवून घेतलं."

"मारहाणीचं बोलाय बसवलं व्हय?"

नवरा अजून शेतातून यायचा होता. तो येईपर्यंत थांबते, म्हणाले.

सासूनं आवाज खाली आणला. "तुमी जावा आता. थांबलाव तर अजूनच व्हईल."

मी गेले. त्याची लाज आजही वाटते.

पुढच्या बैठकीला कोपरा रिकामा होता. ती माहेरी गेली, एवढंच बायकांनी सांगितलं. का, ते कुणी सांगेना. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात दाराशी बसणाऱ्या आजींनी सूप उचललं आणि थेट माझ्यापुढं धरलं.

"ताई, आदी तुमचा टाका."