गंगाधरनानांचं लोहचुंबक

गाडीवाल्याला रामराम घालण्याआधी गंगाधरनाना त्याच्या गाडीला लोहचुंबक लावायचे. ते मऊ फडक्यात गुंडाळून कायम सदऱ्याच्या खिशात. चिकटलं तर पत्रा अस्सल. घसरलं तर पोचा बुजवायला आत लांबीचा लगदा भरलेला, म्हणजे गाडी ठोकलेली. आमच्या नांदूरघाट गावात लग्न असलं की वऱ्हाडाच्या गाड्या गावाबाहेरच थांबायच्या. जागेची अडचण नव्हती, नानांची भीती होती. एकदा एका पुढाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवरून भर सभेत चुंबक असं घसरलं, की माझ्या मते तो गडी ती निवडणूक तिथंच हरला.

स्वतः नानांकडे एक बैलजोडी होती, बस्स. पण केज तालुक्यात कुणाचीही गाडी ठोकली की आधी नानांकडे यायची, मग गॅरेजला. नाना ओट्यावर बसून सांगायचे, "मिस्त्री उद्या देतो म्हणला की उठायचं तिथून. खोटारडा हाय त्यो. रंग वाळायला येळ लागतो. आन त्यानं वरीसभरापूर्वी रंगवलेली गाडी मागायची, उन्हात बघायची. सावलीत सगळ्याच गाड्या नव्या दिसत्यात."

या चाळणीतून तालुक्यातले सगळे मिस्त्री गळाले, एकटा सलीम मिस्त्री उरला. तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "जल्दी असंल तर दुसरीकडं जावा. अपने पास टाइम लगता." नाना खूश. "बघा, कसा हाकलतोय! असा माणूस फसवत न्हाई."

मग नानांच्या लेकीला, अर्चनाला बघायला युसूफ वडगावची मंडळी आली. मुलगा विशाल, त्याचे वडील तात्या आणि आरशासारखी चकचकीत गाडी. अर्चना सकाळपासून नको तितकी खुशीत होती, हे शेजारी म्हणून मला दिसलं. नानांना गाडी दिसली. नानी ओरडली, "अहो, पावणे आत तरी येऊ द्या!" तोवर चुंबक मागच्या दारावरून घसरून तात्यांच्या पायावर पडलं होतं.

"तात्या, गाडी ठोकलेली हाय."

"काय बोलता नाना! कंपनीचा रंग हाय. कुणाचा हात लागलेला न्हाई."

"बोटभर लांबी हाय आत. गाडीचं लपवता, तर पोराचं काय काय लपवलं असंल?"

तात्या लालबुंद. "विशाल, बस गाडीत! असल्या घरचं पाणीबी न्हाई प्यायचं."

विशाल जागचा हलला नाही. "तात्या, ठोकलीय. मीच. रिव्हर्स घेताना खांबाला. तुमाला कळायच्या आत नीट करून आणली."

तात्या वाकून दार न्याहाळू लागले. नाना मात्र पेटले. "कोण त्यो चोर मिस्त्री? नाव सांग!"

"सलीमभाई. तुमचाच मिस्त्री."

"तुला कुणी दावला?"

विशालनं दाराकडे पाहिलं. तिथं अर्चना पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "मी सांगितला, नाना. गाडीत मीबी होते."



आता सोयरीक नानांच्या एका शब्दावर होती. गाडीत फसवणूक आहे म्हणावं, तर सलीम चोर ठरतो आणि नानांनी उभ्या तालुक्याला दिलेला सल्ला मातीत जातो. नानांनी दारावरून सावकाश तळवा फिरवला. वाकून उन्हाच्या बाजूनं पाहिलं. मला तर दिवस मावळतोय असं वाटलं.

"पत्र्याचा पोचा ठोकून निघतच नसंल, तवाच सलीम लांबी भरतो," ते अखेर म्हणाले. "काम चोख हाय. चला आत पावणे, पोहे गार व्हायलेत."

गाव म्हणतं, पोरीच्या प्रेमापुढं नाना नमले. मी शेजारीच उभा होतो. ते सलीमच्या नावापुढं नमले, असं मी छातीठोक सांगत आलो.

पाठवणीला बायका अशा रडल्या, की गावच्या विहिरीचं पाणी हातभर वर आलं. नाना कोरडे ठणठणीत. गाडीभोवती एक चक्कर मारून ते खिडकीशी वाकले. आम्हाला वाटलं, लेकीला काहीतरी सांगतील. ते जावयाला म्हणाले, "रिव्हर्स घेताना मागं बघत जावा."

गाडी गेली. धुराळा बसला. मी दोनतीनदा हाका मारल्या, तरी नाना काही मागं वळेनात.