आण्णांच्या मशीनचं चाक

मंडळी, आज आमच्या नळदुर्गच्या वर्कशॉपात धातू कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला ते आपोआप चालवणारी सर्व्हो मोटर बसवायचं ठरलं. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माझ्या वडलांना, आण्णांना, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास सहकारी कारखान्यात याच मशीनवर काम मिळालं होतं. पुढं लिलावात त्यांनीच ते घेतलं.

मोटरला हुकूम देणारा ड्राइव्ह निवडला. मशीनचं टेबल सरकवणारा स्क्रू झिजलाय, म्हणून ते नेमकं किती सरकलं हे कळवणारी स्केलही घेतली.

"हाताचं चाक ऱ्हाऊ दे की," आण्णा म्हणाले. तेच चाक फिरवून त्यांनी इतकी वर्षं टेबल सरकवलं होतं.

"न्हाय आण्णा. मोटरसंगं तेबी गरागरा फिरंल. कुणाचा तरी हात मोडंल."

त्यांनी स्वतःच पाना घेतला, चाक काढलं, पुसून बाजूला ठेवलं.

"मग उद्यापासून मी येऊ का नको?"

"या की," मी म्हणालो. पण त्यांना काम काय देऊ, ते अजून सुचलं न्हाय. तुम्ही काय केलं असतं?