पापलेटाचा उल्लेख

माझा त्या म्हाताऱ्यावर राग होता, आणि तो वारला म्हणून राग मिटला असं कोणी समजू नये.

तो इथेच, बंदराजवळच्या सेम्बावांग वस्तीत, आमच्यापासून दोन इमारती सोडून राहायचा. मूळचा इंग्रज. तरुणपणी इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत आराखडे काढायला आला, तो परत गेलाच नाही. बायको नाही, पोरं नाहीत. धर्माने क्वेकर. हा शब्द मला त्याच्यामुळेच कळला. हे लोक ख्रिस्ती, पण यांच्यात पाद्री नाही, मेणबत्त्या नाहीत, गाणी नाहीत. रविवारी कोणाच्या तरी घरी खुर्च्या गोल मांडून गप्प बसायचं. आतून काही सांगावंसं वाटलं तर उठायचं, बोलायचं, पुन्हा बसायचं. आणि खोटं बोलायचं नाही. हे शेवटचं सगळेच धर्म सांगतात, पण याने ते मनावर घेतलं होतं. तिथूनच आमचं बिनसलं.

मी बोटीवर भांडी घासत या बंदरात आलो. आज इथे लागणाऱ्या जहाजांना भाजीपाल्यापासून दोरखंडापर्यंत सगळं पुरवतो. हे कोणी मला ताटात वाढून दिलेलं नाही. घासाघीस करून मिळवलंय. एखाद्या कप्तानाला मी भाव सांगतो आणि मग तोंड बंद ठेवतो. समोरचा चुळबुळ करतो, घाम पुसतो, आणि शेवटी न राहवून स्वतःच आपला आकडा वाढवतो. गप्प बसण्यात मला या बंदरात तोड नाही, असं मी समजत होतो.

तर पापलेटाची गोष्ट. मुलीचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा आमच्याकडे यायचे होते. चिनी नववर्ष तोंडावर आलेलं, आणि तेव्हा इथे पापलेट सोन्याच्या भावाने विकतात. मी सकाळी मार्केटात गेलो, बर्फावरचे दोन झकास पापलेट हेरले आणि मासेवाल्याला म्हणालो, “त्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर हाच माल स्वस्तात मिळतोय.”

हे खोटं नाही. ही पद्धत आहे. मासेवाल्यालाही ते ठाऊक असतं. आता त्याने डोक्याला हात लावायचा, पोराबाळांची शपथ घ्यायची आणि थोडं खाली यायचं. तो डोक्याला हात लावणारच होता, तेवढ्यात शेजारी उभा असलेला गोरा म्हातारा अगदी मदतीच्या सुरात म्हणाला, “नाही हो, तिथे याहून महाग आहे. मी आत्ताच तिथून आलो.”

मासेवाला असा हसला की त्याच्या हातातला सुरा थरथरला. “धिस अंकल व्हेरी ऑनेस्ट लाह!” म्हणाला, आणि एक पैसा कमी करेना. मी रागाने लाल. त्या भावात घेतले असते तर माझी मान खाली गेली असती. तिरीमिरीत बांगडे उचलले आणि घरी आलो.

पहिल्यांदा आलेल्या जावयाला बांगडा! मुलीच्या सासरची माणसं आजही जेवताना विचारतात, “काय, आज बांगडाच का?” जावई बिचारे म्हणाले, “मला बांगडाच आवडतो.” ते शुद्ध खोटं होतं, पण त्या वेळी त्यांना अडवायला म्हातारा तिथे नव्हता.

पुढच्या शनिवारी मी मार्केटाच्या वरच्या मजल्यावर, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पीत होतो. म्हातारा हातात कप घेऊन समोर येऊन उभा राहिला.

“तुम्ही रागावलात.”

“हो.”

“मी इथे बसलो तर चालेल?”

“बसा. पण आधी माफी मागा. तुमच्यामुळे घरी आलेल्या जावयाला बांगडा खावा लागला.”

“तुमच्या जावयांना पापलेट मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं,” म्हणाला. “पण माफी कशाची मागू? तिथे महागच होतं.”

तो बसला आणि आमचं भांडण सुरू झालं. पुढे शनिवारच्या शनिवारी, वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो, बाजारात जे बोलतात ते खरंखोटं नसतं, तो खेळ असतो. तो म्हणायचा, ज्या भावाला विकायचं तोच भाव पहिल्यांदा सांगावा, त्यांच्यातले जुने दुकानदार तसंच करायचे. मी म्हणायचो, ते दुकानदार उपाशी मेले असतील. तो म्हणायचा, उलट भरभराटीला आले, लहान पोराला पाठवलं तरी त्याला फसवणार नाहीत म्हणून गिऱ्हाइकं रांगा लावायची. मग मी टेबलावर हात आपटायचो, त्याचे कान लालबुंद व्हायचे, आणि कॉफीवाली आंटी लांबूनच ओरडायची, “ए, तुम्ही दोघं घरी जा, दुसरी गिऱ्हाइकं पळतायत!” माफी त्याने शेवटपर्यंत मागितली नाही.

तो झोपेतच गेला. महिन्याभराने त्याच्या क्वेकर मंडळींचा निरोप आला: बुकित बातोकला एकीच्या फ्लॅटवर त्याच्या आठवणीसाठी जमतोय, तुम्हीही या.

बायकोपुढे वेगळाच प्रश्न. “अहो, असल्या कार्याला गोड कसं न्यायचं? आणि रिकाम्या हाताने तरी कसं जायचं?” शेवटी तिने कोथिंबीर वड्या तळल्या, कारण म्हाताऱ्याला त्या आवडायच्या. निघताना मला बजावलं, “जिवंतपणी त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नाहीत. आज तरी गप्प बसा.”

“तिथे सगळे गप्पच बसतात,” मी म्हणालो.

फ्लॅटच्या दाराशी चपलांचा ढीग, आत गोल मांडलेल्या डझनभर खुर्च्या. टेबलावर चांगला भलामोठा केक होता. तो बघून बायको माझ्या कानात पुटपुटली, “बघा, नारळाच्या वड्याही चालल्या असत्या.”

मग शांतता. मला वाटलं, हे तर आपलंच मैदान. पण काय सांगू, ही माणसं पोचलेली होती. कोणी चुळबुळ नाही, घड्याळ बघणं नाही, खोकला नाही. एवढ्या वेळात मी एखाद्या कप्तानाच्या गळ्यात अख्ख्या जहाजाचा रंग मारला असता. इथे मलाच घाम फुटायला लागला. मधूनच कोणी उठायचं. एक बाई म्हणाली, मी आजारी असताना तो रोज सूप घेऊन यायचा. एक तरुण म्हणाला, त्याने मला गणित शिकवलं. फार शांत, फार मवाळ माणूस, असं सगळेच म्हणाले. मी आजूबाजूला बघितलं. पत्ता चुकला की काय?

शेवटी त्यांचं कामकाज बघणारी बाई उठली. चिनी, निवृत्त नर्स, आवाज मऊ. त्यांच्यात कोणी गेलं की त्याच्या आयुष्याबद्दल चार ओळी लिहून जपून ठेवतात. त्यावर मतदान घेत नाहीत. खोलीतल्या सगळ्यांना पटेपर्यंत थांबतात. तिने मसुदा वाचला. सूप होतं, गणित होतं. आणि शेवटी: “त्यांनी कधी कोणाशी भांडण केलं नाही.”

माझ्या डोक्यात सणक गेली. भांडण केलं नाही? मग इतकी वर्षं मी काय भिंतीशी भांडत होतो? एका ओळीत यांनी माझे सगळे शनिवार पुसून टाकले होते. बायकोने माझा सदरा धरला, पण मी उठलो होतो.

“हे खरं नाही. तो भांडकुदळ होता. हट्टी होता. आणि निर्दयी होता!”

आता यात माझा हिशोब होता. सुरुवात नेहमी चढी करायची. ते म्हणतील, निर्दयी तेवढं काढा. मी आढेवेढे घेत काढीन. मग हट्टीवर थोडी ओढाताण, आणि भांडकुदळवर सौदा पक्का. पण कोणी काही म्हणेचना. कोणी रागावलंही नाही. सगळे माझ्याकडे बघत शांत बसले. मग ती बाई म्हणाली, “हे आम्हाला माहीत नव्हतं. सांगितलंत, बरं झालं.” आणि तिने पेन उचलून “निर्दयी” लिहायला घेतलं.

“अहो, थांबा, थांबा! निर्दयी लिहू नका!”

“का?”

“कारण तो नव्हता.”

“मग तुम्ही तसं का म्हणालात?”

“सुरुवातीला जास्तच सांगावं लागतं! तुम्ही कमी करायला सांगायचं असतं!”

मग सूपवाली बाई फिसकन हसली, आणि अख्खी खोली खदखदा हसायला लागली. गणितवाला पोरगा डोळे पुसत म्हणाला, “म्हणजे पापलेटवाले ते तुम्हीच!”

म्हणजे म्हाताऱ्याने यांना पापलेटाचं सांगितलं होतं, भांडणाचं मात्र सांगितलं नव्हतं! शांत आणि मवाळ!

“मग पहिल्यांदाच सांगा,” ती बाई म्हणाली, “नेमकं काय लिहू?”

असली पंचाईत माझ्यावर कधी आली नव्हती. पहिलाच भाव आणि तोच शेवटचा. मी उभा राहिलो, आणि या वेळी गप्प बसलो ते कोणाला घाम फोडायला नाही, मला खरंच शब्द सापडत नव्हता. मग म्हणालो, “लिहा की, ते एका माणसाशी दर शनिवारी भांडायचे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच्याच टेबलावर येऊन बसायचे.”

तिने ते वाचून दाखवलं. “हे खरं आहे?”

मी हो म्हणणार होतो, पण म्हाताऱ्याचे लाल कान डोळ्यांपुढे आले. “दर शनिवारी नाही. मी गावाला गेलो की खंड पडायचा. बहुतेक शनिवारी लिहा.”

तिने “बहुतेक” लिहिलं. एकेकाने मान डोलावली. बायकोने सदरा सोडला.

वड्या केकच्या आधी संपल्या, हे नमूद करतो. निघताना मी त्या बाईला गाठून सांगितलं की भांडण आलं तर भांडणाचं कारणही यायला हवं. पापलेटाचा आणि कोपऱ्यावरच्या ठेल्याचा उल्लेख करा, चूक कोणाची ते वाचणाऱ्याला ठरवू दे. ती हसली. म्हणाली, आमच्या पुढच्या बैठकीत हा मजकूर पुन्हा वाचू, तोवर यावर थोडं थांबू.

तिने नाही म्हटलेलं नाही. ते सगळे थांबलेत. मीही थांबलोय, आणि या खेपेला आधी बोलणारा मी नसणार.