पांढऱ्या चिकाची काडी

मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेच्या व्हरांड्यात सत्यशीला सकाळी आठपासून बसली होती. मांडीवर घोळभाजीची जुडी. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आणलेली. त्यातून लेकीला ती डाळीत घातलेली आवडायची. पोरगी परत द्यायची की नाही, ते आज ठरणार होतं.

सत्यशीला कुमरे मूळची गडचिरोलीकडची. नवरा विश्रांतवाडीत सेंट्रिंगच्या कामाला, आणि ही रिकाम्या प्लॉटांवरची, ओढ्याकाठची रानभाजी खुडून फुटपाथवर विकायची. सात वर्षांची प्रियदर्शनी शाळा सुटली की तिच्या मागे. पोरीला कोणी काही शिकवलं नव्हतं. गावी सत्यशीलालाही कोणी शिकवलं नव्हतं. आई खुडायची, पोर शेजारी बसून खुडायचं. चुकीचं पान टोपलीत आलं तर आई बोलत नसे, नुसतं काढून टाकी. पोर ते बघे आणि पुढच्या खेपेला चुकत नसे.

तेरा दिवसांपूर्वी समोरच्या सोसायटीतल्या एका बाईंनी पोरीच्या हातातला विळा पाहिला, फोटो काढला आणि तक्रार केली. काळजीपोटीच केली हो! भाजीची जुडी तेवढी पिशवीत टाकायला त्या विसरल्या नाहीत. संध्याकाळी संस्थेची गाडी येऊन पोरीला घेऊन गेली. सत्यशीला चौकापर्यंत गाडीमागे धावली.

नवऱ्याच्या साइटवरच्या राकेशने बजावलं होतं, "वहिनी, काहीही विचारू देत, पोरगी काम करते म्हणायचं नाही. तिलाही सांगून ठेवा." सांगणार कधी? भेट दहा मिनिटांची, तीही पहाऱ्यात. आणि पोरीला समोर बसवून असं वाग, तसं बोल, हे तिने जन्मात केलं नव्हतं.

अकराला आत बोलावलं. खुर्ची होती, तरी ती फरशीवरच टेकली. टेबलामागे संस्थेचा निर्णय लिहिणाऱ्या हेमा मॅडम. बाई वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं.

"मुलीला कामाला लावता?"

"नाही जी."

"मग विळा धरायला कोणी शिकवलं?"

"कोनीच नाही. मांगं मांगं येते जी. पाहाते."

प्रियदर्शनीला आणलं. धुतलेला फ्रॉक, घट्ट वेण्या. ती आईला बिलगली नाही, लांबूनच बघत राहिली. मॅडम कागद चाळत होत्या. काय करावं सुचेना, तशी सत्यशीलाने जुडी सोडली आणि तिची बोटं आपोआप भाजी निवडू लागली. डोळ्यांत पाणी, आपण काय निवडतोय तेही दिसत नव्हतं.

पोरगी आली, शेजारी उकिडवी बसली. आईने निवडून ठेवलेल्यातली एक काडी तिने उचलून मोडली. पांढरा चीक आला. दिसायला घोळीसारखीच, पण खायची नव्हे. तिने ती बाजूला टाकली आणि उरलेली भाजी भराभर निवडायला घेतली.

तेरा दिवसांत पहिल्यांदा सत्यशीलाचा जीव थाऱ्यावर आला. पोर काही विसरली नव्हती. पोर नुसती पाहून शिकते, हे आता मॅडमनाही दिसलंच असेल, असं तिला वाटलं.

मॅडमना दिसलं होतं. त्या बराच वेळ त्या इवल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचूनही दाखवलं, "मुलगी कामाला सरावलेली आहे. तूर्त संस्थेतच ठेवावी."

प्रियदर्शनीने निवडलेली जुडी बांधली, आईच्या हातात दिली आणि घरी जायला उठली.