बेंबळीत बंद केलेला टीव्ही

आदरणीय विमलताई सरवदे यांची आणि माझी पहिली भेट धाराशिवच्या आठवडी बाजारात झाली. सत्तरचे दशक सरत आले होते. शेतकऱ्यांच्या सहकारी तेल संघात मला प्रचार विभागात साहाय्यक म्हणून घेतले होते आणि ताई त्या विभागाच्या प्रमुख होत्या. कार्यालयात हजर झालो, तर शिपाई म्हणाला, "ताई बाजारात हायेत. तुमाला तिकडंच बोलवलंय." तेलाच्या दुकानासमोर ताई उभ्या होत्या. "मुजावर, इथं थांबा. बायका तेल कसं घेतात ते बघा," एवढेच त्या म्हणाल्या. बायका येत, तळहातावर थेंब घेऊन चोळत, हुंगत आणि मगच बाटली पुढे करत. दुपारपर्यंत आम्ही तेच पाहत होतो. माझे जाहिरातीचे शिक्षण असे सुरू झाले.

ताई बेंबळीच्या. त्या शाळेत असतानाच घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. वडील शेतमजुरी करत, पण मुलीची शाळा त्यांनी सुटू दिली नाही. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पती वारले. दोन मुली आणि सासूबाई यांचा सगळा भार ताईंच्या पगारावर होता. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

काही वर्षांनी टीव्ही आमच्या भागात आला. त्याच सुमारास पाऊस पुन्हा रुसला. ज्वारी करपली, करडईने तेवढी साथ दिली. पण बाहेरच्या कंपन्यांच्या डब्यांपुढे आमचे तेल उठेना. अध्यक्ष रावसाहेबांनी टीव्हीवर मोठी जाहिरात द्यायची ठरवले. मुंबईचे दिग्दर्शक आले, नावाजलेली नटी ठरली. संघाने आजवर कशावरही केला नव्हता एवढा खर्च त्या अर्ध्या मिनिटाच्या फिल्मवर झाला. जाहिरात फसली असती, तर करडई घालणाऱ्या सभासदांना सांगायला आमच्याकडे तोंड उरले नसते.

फिल्म तयार झाल्यावर ताईंनी आग्रह धरला, "प्रक्षेपणाआधी ती आपल्या लोकांना दाखवू." रावसाहेबांना कौतुकाची खात्री होती, त्यामुळे ते आनंदाने तयार झाले. बेंबळीच्या शाळेत टीव्ही आणि व्हीसीआर मांडला. हार, नारळ, संचालक, मुंबईचे दिग्दर्शक, सगळे जमले. गावात त्या दिवसांत टँकरचे पाणी होते. बायका रांगेत हंडे लावूनच आल्या होत्या.

पडद्यावर नटी धबधब्याखाली नाचू लागली. ओले केस झटकत ती संगमरवरी स्वयंपाकघरात आली, तिने पुऱ्या तळल्या, आणि अगदी शेवटी आमचा डबा दिसला. टाळी वाजली नाही. रावसाहेबांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. धबधबा पुन्हा कोसळू लागला, तशा पुढे बसलेल्या कोंडाबाई उठून उभ्या राहिल्या. "आमी घोटभर पाण्यासाठी हंडे लावलेत आन् ही बया नाचतीया. कुनाच्या पैशानं केलंय हे?"

मागून पुरुष उठले. "सांगा की रावसाहेब! आमच्याच करडईचा पैसा न्हवं ह्यो?" बाके सरकली, कोणीतरी दार लावून घेतले. रावसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मी दाराकडे पाहत होतो, पण वाट नव्हती.

ताई शांतपणे पुढे गेल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. "कोंडामावशी, तुमचं बरोबर आहे. फक्त एक सांगा, जाहिरात कशाची होती?"

"साबनाची," कोंडाबाई म्हणाल्या.

"त्या बाईच्या नव्या पिक्चरची," एक तरुण म्हणाला.

ताईंनी कितीतरी जणांना विचारले. तेलाचे नाव कोणीच घेतले नाही. लोकांचा राग ओसरला, पण रावसाहेब मान खाली घालून बसले होते.

दिग्दर्शक म्हणाले, "गाववाले आपले गिऱ्हाईक नाहीत. शहरात हे चालेल." ताईंनी त्यांचा मुद्दा झटकला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही सोलापुरातल्या एका वसाहतीत टीव्ही लावला. तिथे धबधबा सगळ्यांना आवडला. एक गृहिणी हसून म्हणाल्या, "फार सुंदर! कुठला साबण म्हणायचा हा?"

प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती. तातडीची बैठक लागली. आदल्या दिवशी माझी पत्नी बाळंतपणात अडली होती आणि घरी आई एकटीच होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्ध बोलायचे म्हणजे नोकरी टांगणीला, तरी ताई दिवसभर दवाखान्यात माझ्या आईचा हात धरून बसल्या. मुलगी सुखरूप झाली तेव्हा आईच्या आधी त्यांचेच डोळे भरून आले.

बैठकीत ताईंनी फिल्म रोखण्याची मागणी केली. एक संचालक उसळून म्हणाले, "नोकरी दिली तेवढं पुरे न्हाय का? आता अक्कलही यांच्याकडूनच घ्यायची?" त्या 'यांच्या'चा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. ताईंचा आवाज चढला नाही. "अक्कल बेंबळीच्या आणि सोलापूरच्या लोकांची आहे, साहेब. मी फक्त इथवर आणलीय."

रावसाहेबांनी त्या गृहस्थांना खाली बसवले. मग ताईंना विचारले, "आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मी राजीनामा देईन."

मला ताईंच्या घरातल्या तीन माणसांचे चेहरे आठवले. ताईंनी ते आठवूनच उत्तर दिले असणार.

रावसाहेबांनी होकार दिला आणि फिल्म नव्याने बांधली. नटीचा पुऱ्या तळतानाचा भाग ठेवला, धबधबा काढला. सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईचा तळहात, त्यावर तेलाचा थेंब, चोळणारे बोट, आणि आवाज: "व्हय, करडईचंच हाय." हात आणि आवाज दोन्ही कोंडाबाईंचे. दिग्दर्शकांनी ते चित्रण मोठ्या मनाने आणि फार सुंदर केले, हेही नोंदवले पाहिजे.

जाहिरात लागली आणि पहिला आठवडा कोरडा गेला. ताई रोज वेळेवर येत, कामे उरकत, दूरध्वनी वाजला की मात्र त्यांचा हात थबके. मग लातूरच्या एका व्यापाऱ्याने माल मागवला. पाठोपाठ सोलापूरहून मागणी आली. दुकानदार सांगत, गिऱ्हाईक डबा उघडून हातावर थेंब मागते. हंगाम संपण्याआधी आमचे गोदाम रिकामे झाले. ज्यांनी टोमणा मारला होता, त्या संचालकांनी ताईंसाठी उठून खुर्ची पुढे केली. ताई "आभारी आहे" म्हणून बसल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. एका दिवाळीला, फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्याची आतषबाजी दाखवणारी आमच्या तेलाची जाहिरात त्यांच्याच आग्रहाने झाली. लोकांनी ती डोक्यावर घेतली, तेल मात्र पडून राहिले. बैठकीत कोणी काही बोलण्याआधी ताई उभ्या राहिल्या. "लोकांनी फटाके पाहिले. चूक माझी आहे, मुजावरांची नाही." ती कल्पना आम्हा दोघांची होती.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्या माकणीला धाकट्या लेकीकडे राहतात. गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरून येतात. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्या शेजारच्या मुलींना शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे गणित शिकवत होत्या. मला त्यांनी तासभर ओसरीवर बसवून ठेवले, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही. ताईंची दृष्टी अशीच स्वच्छ राहो, पायांत बळ राहो, दीर्घ आणि निरामय आयुष्य त्यांना लाभो. मोठ्या होऊन नोकरीला लागलेल्या त्या मुली ताईंना डोळे भरून पाहता याव्यात, एवढेच मागणे.