न बोलता निघून जाणारी माणसं

जत तालुक्यातल्या मंगलनं मेंढपाळांसाठी मोबाईलवर ग्रुप काढला. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांना पाणी कुठं आहे, आजाराला औषध काय द्यावं, हे एकमेकांना विचारता यावं, एवढंच तिच्या मनात होतं. माणसं भराभर आली, आणि काही न बोलता जाऊही लागली.

मंगलच्या जिवाला चैन पडेना. कामातनं मध्येच हात पुसून ती फोन उघडायची. आणखी कुणीतरी गेलेलं असायचं.

"जाणाऱ्याला जाऊ दे की. रोज नवी येत्यातच," नवरा धनाजी म्हणाला.

"आवं, आली किती ते कुणीबी बघंल. टिकली किती, ते कोण बघणार?"

मग तीच बघू लागली. एकेका महिन्यात आलेल्यांपैकी कोण राहिलं, कोण गेलं, कुठल्या गावचं. ज्याच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं, तो सहसा राहिला होता. गेलेले बहुतेक सीमेकडचे, घरात कन्नड बोलणारे.

त्यांतल्या बयाबाईला तिनं फोन लावला. मंगलचं आजोळ तिकडचंच, त्यामुळं दोघी कन्नडमधूनच बोलल्या.

"मेंढीचं पोट फुगलं हुतं," बयाबाई म्हणाली. "माझ्या बोलीत बोलून पाठवलं. त्याच्याखाली नुसती गुलाबाची फुलं आली, शुभ सकाळ म्हणून. मेंढी मेली. मग ऱ्हाऊन काय करू?"

"मावशी, मी ऐकलंच न्हाई ओ," एवढंच मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं ग्रुपवर फुलं टाकणं बंद केलं. त्यावरून चार माणसं रुसून गेली, तेही तिला लागलं. कन्नड प्रश्न आला की ती तो मराठीत सांगायची, उत्तर उलट कन्नडमध्ये बोलून पाठवायची. तिला सवड नसेल तेव्हा अर्जुना नावाचा जुना मेंढपाळ ते काम करायचा. नवं माणूस आलं की त्याच दिवशी त्याची विचारपूस व्हायची.

पुढच्या महिन्यात सीमेकडचे निम्म्याहून जास्त टिकले. धनाजीनं कौतुक केलं. मंगलला मात्र निघून गेलेलेच दिसत होते.

बयाबाई परत आली नाही. तिनं सुनेला ग्रुपवर पाठवलं.

"मेंढरं बरी हायत का?" मंगलनं तिला कन्नडमध्ये बोलून पाठवलं. सुनेनं ऐकल्याची निळी खूण उमटली, पण उत्तर आलं नाही. मंगल दारात आली, आत गेली, पुन्हा दारात आली. शेवटी तिनं सुनेला सरळ फोनच लावला.