आईला फोटोत बसवताना

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला एका उस्तादांकडे फोटोजोडणी शिकत होतो. वेगवेगळ्या वेळी काढलेली माणसं एका फोटोत आणायची. कात्रीने काप, कडा मागून घासून पातळ कर, चिकटव, वर ब्रश फिरव आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढ. सांगायला सोपं, माझी माणसं मात्र भिंतीवर डकवल्यासारखी दिसत. उस्ताद एकच गोष्ट घोकून घेत, "उजाला एकीच तरफ से आना."

मुखेडकडचा एक शेतकरी आपल्या लहान मुलीला घेऊन आला. बायको बाळंतपणातच गेलेली. जत्रेत काढलेला तिचा एकुलता एक फोटो त्याने उपरण्यात गुंडाळून आणला होता. मुलीला आईशेजारी बसायचं होतं, एवढंच. बायको नवऱ्याच्या डावीकडेच हवी, म्हणून बाप, मधे मुलगी आणि पलीकडे रिकामी खुर्ची असा फोटो घेतला.

जत्रेतल्या फोटोत उजेड नेमका उलट बाजूचा. मी त्याची काचेची निगेटिव्ह केली आणि छापताना ती काच उलटी ठेवली. उजेड जुळला, जोड कुठे दिसेना. उस्ताद शाबास म्हणाले आणि माझी छाती फुगली.

ठरल्या दिवशी बापलेक आले. मुलगी ओरडलीच, "आबा, आई माझ्याकडं बघून राहिली!"

बापाने फोटो उजेडाकडे धरला. "नथ उजवीकडं कशी गेली? साहेब, ही माझी बायको न्हाई."

नथ हलवतो म्हणालो, तर भांग आणि गालावरचा तीळही पलीकडे गेलेले. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. "सरळ करून द्या," एवढंच म्हणाला. हा फोटो मुलीला राहू द्या म्हटलं, तर म्हणाला, "परक्या बाईला आई म्हनंल की ती."

काच सुलटी ठेवली की आईचं तोंड मुलीकडून फिरायचं. काय करू, असं उस्तादांना विचारलं. "मरे सो औरत को मुंडी फिराव बोलूँ क्या?" म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी काच सुलटी ठेवली, उजेड ब्रशने जमेल तसा सावरला आणि दुसरा फोटो केला.

तो बापाने कपाळाला लावला. "हां, हीच."

मुलीने तो हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"आबा, आई तिकडं कुणाकडं बघून राहिली?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून फोटो गुंडाळायला कागद शोधू लागलो.